जुन्या विंचेस्टरची पारख

(दृश्य : लाकडी टेबल, त्यावर हिरवं फेल्ट. दोन हात एक रायफल अलगद आडवी ठेवतात.)

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं कोडी हे गाव. इथल्या एका गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, टेबलावर आज ही रायफल आली आहे. विंचेस्टर मॉडेल ९४, कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल, २० इंची नळी, थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची. विकणाऱ्याच्या आजोबांची ही बंदूक. घेणारा जवळच्याच रँचवरचा. पैसे मोजण्याआधी जाणत्या माणसाच्या नजरेखालून ती जावी, एवढीच त्याची इच्छा.

सगळ्यात आधी, रायफल रिकामी आहे का? चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, पूर्ण खाली ओढायची. नळीची मागची बाजू डोळ्यांनी बघायची, मग करंगळी आत घालून चाचपायची. नळीखाली ही जी दुसरी बारीक नळी दिसते, ते मॅगझिन. काडतुसं यात एकापुढे एक आडवी बसतात, आणि एखादं अडकून राहिलेलं असू शकतं. म्हणून तिथेही बोट. या रायफलच्या गोळ्यांची नाकं चपटी असतात तीही या मॅगझिनमुळेच. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या कॅपवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या मागच्या टोपीवर, टेकली आणि धक्का बसला, तर ते काडतूस तिथेच उडू शकतं.

(दृश्य : भिंगातून दिसणारे स्क्रू.)

आता स्क्रू. रंगरूप नंतर. स्क्रूच्या खाचा सरळ आणि धारदार असतील, तर आत कुणी अडाण्याने हात घातलेला नाही असं समजावं. या बाजूचे तीन स्क्रू बघा. खाचांच्या कडा जशाच्या तशा. हा चौथा मात्र फाटलाय. कुणीतरी चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला आहे. गनस्मिथ वहीत नोंद करतो, बोलत काहीच नाही.

(दृश्य : कोडीचं वस्तुसंग्रहालय, काचेमागे विंचेस्टरच्या रांगा.)

गावातच, बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये, विंचेस्टर कंपनीचा जुना संग्रह आहे. कारखान्याच्या हिशेबवह्याही इथेच. सुरुवातीच्या काळातल्या रायफलचा नंबर कळवला, तर ती कारखान्यातून कशी बाहेर पडली याची नोंद इथून मिळू शकते.

आणि ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे. जॉन मोझेस ब्राउनिंग हा यूटा राज्यातल्या ऑग्डेनचा. वडील बंदुका दुरुस्त करायचे, मुलगा त्यांच्याच दुकानात शिकला. त्याची डिझाइन्स विंचेस्टरने विकत घ्यायला सुरुवात केली आणि १८८६, १८९२, १८९४ अशी एकामागून एक लिव्हर रायफल बाजारात आली. या तिसरीचं, म्हणजेच मॉडेल ९४ चं, पेटंट २१ ऑगस्ट १८९४ चं. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी काडतूस आलं. नव्या दारूचा दाब काळ्या दारूपेक्षा जास्त, म्हणून नळी निकेल पोलादाची. या कार्बाइनच्या नळीवरही ते शब्द कोरलेले आहेत : निकेल पोलादाची नळी, खास बिनधुराच्या दारूसाठी. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात हे मॉडेल पिढ्यानपिढ्या बनत राहिलं. आजवर ७० लाखांहून जास्त बनल्या. दहा लाखावी रायफल १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट दिली होती.

१९६४ साली कंपनीने खर्च कमी करण्यासाठी घडाईचे भाग टाकून पत्र्याचे दाबलेले भाग आणि पोकळ पिना घातल्या. त्यामुळे आजही घेणारा पहिला प्रश्न विचारतो : चौसष्टच्या आधीची की नंतरची? २००६ साली न्यू हेवनचा कारखाना बंद झाला. आता याच नावाच्या रायफल जपानमध्ये मिरोकू ही कंपनी बनवते.

(दृश्य : खिडकीजवळ रायफल तिरपी करून प्रकाशात.)

आता रंग. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या सांगाड्याच्या, खालच्या पोटाला निळा-काळा रंग उरलेलाच नाही, धातू चंदेरी दिसतो. रायफल हातात उचलून चालताना तळवा नेमका इथेच बसतो. बाजूंवर रंगाचे पापुद्रे निघालेत. त्या काळच्या पोलादावर ब्लूइंग, म्हणजे हा निळा-काळा रंग, नीट धरत नसे, त्यामुळे अशा जुन्या रिसीव्हरवर हे सर्रास दिसतं. नळीवरची अक्षरं मात्र टवटवीत आहेत. कडा टोकदार आहेत. स्क्रूच्या भोकांभोवती खोलगटपणा नाही. म्हणजे ही रायफल कुणी पॉलिशच्या चाकावर घासून नव्याने काळी केलेली नाही.

शेल्फवरची ही दुसरी बघा. चकाचक आहे. पण अक्षरं पुसट झालीत, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्यात, आणि दस्त्याचं लाकूड धातूपेक्षा खाली गेलंय. मूळ कारागिराने लाकूड धातूपेक्षा किंचित वर ठेवलेलं असतं. ते खाली गेलं म्हणजे कुणीतरी सँडपेपर मारलाय. या रायफलचं वय खरवडून टाकलंय. ते परत आणता येत नाही, आणि हौशी लोक रोज हेच करतात.

(दृश्य : पोकळ नळीतून दिसणारा प्रकाशाचा गोल.)

नळी. लिव्हर रायफलचा रिसीव्हर मागून बंद असतो, म्हणून मागून डोकावता येत नाही. उघड्या भागात छोटा दिवा धरायचा आणि पुढच्या तोंडातून बघायचं. पेचदार खाचा स्पष्ट दिसतात. मधे थोडा धूसर पट्टा आहे. हा गंज जुन्या काडतुसांचा. त्यांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर मागे जो क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि लोखंड खातो. गडद, पूर्ण वर्तुळाकार सावली दिसली असती तर नळी फुगल्याची शंका आली असती. तशी इथे नाही.

नळीचं तोंड मात्र झिजलंय. साफ करायची सळई पुढूनच घालावी लागते, आणि वर्षानुवर्षं ती एकाच बाजूने घासली गेली आहे. भिंगाखाली बघा : एका बाजूची खाच टोकाशी बुजलेली. गोळी नेमकी इथून सुटते, म्हणून नेम इथे बिघडतो.

(दृश्य : लिव्हर खाली-वर, संथ गतीत.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिव्हर मिटली की बोल्टच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या, मागे पोलादाचा एक ठोकळा वर सरकतो आणि त्याला अडवून धरतो. गोळी सुटतानाचा सगळा मागचा दाब हा ठोकळा झेलतो. लिव्हर मिटल्यावर बोल्ट हलवून बघा : जराही खुळखुळ नाही. मग गेज, म्हणजे काडतुसाच्या आकाराचं माप. थर्टी-थर्टीच्या काडतुसाला मागे कडा असते आणि ते त्या कडेवर टेकतं, त्यामुळे मापायची जागा तिथलीच. ‘गो’ गेजवर लिव्हर मिटते. ‘नो-गो’ गेजवर मिटत नाही. दोन्ही जसं व्हायला हवं तसंच. इथे झीज असेल तर काडतूस मागून फाटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो.

गनस्मिथ घोडा अर्ध्यावर आणून अंगठ्याने ढकलतो, सुटत नाही. चाप ओढतो, तरीही नाही. लिव्हर थोडी खाली सोडून चाप दाबतो : ओढलाच जात नाही, कारण लिव्हर मिटून एक छोटी पिन दाबल्याशिवाय तो हलूच नये अशी ब्राउनिंगची रचना आहे. नकली काडतुसं भरतो. एक, दोन, तीन वर येतात आणि बाहेर पडतात. चौथं अडखळतं. मॅगझिनची नळी बाहेरून चेपलेली होती, तिथेच.

(दृश्य : वही, पेन्सिल.)

गनस्मिथचा अभिप्राय : मूळ रंग, नळी वापरण्याजोगी, बोल्टची पकड घट्ट. घेणाऱ्याने विचारलं, रंग नवा करून द्याल का? उत्तर नाही. तो फक्त मॅगझिनचा चेपा काढेल, आणि नळीच्या तोंडाची कड पितळी अवजाराने अगदी थोडी नव्याने बसवेल. त्यासाठीही विकणाऱ्याची परवानगी लागेल, म्हणून फोन लावला आहे.