खडीतली गारगोटी

हा मणी तेरचा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात तो काचेआड ठेवलाय. चिंचोक्याहून लहान, तांबूस लाल. उजेडात धरला तर आतून पेटल्यासारखा दिसतो. मधलं भोक बघा. हा अकीक दगड इतका कठीण की लोखंडी सुरीनं त्यावर ओरखडाही उठत नाही. त्याला असं आरपार भोक पाडणाऱ्याच्या हाताला किती धीर असेल!

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की भडोच बंदराला पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड येतात आणि तगरहून कापड येतं. तगर म्हणजेच हे तेर. रस्ते धड नव्हते, तरी माल गाड्यांनी जायचा.

अकीक तयार होतो आपल्याच काळ्या पाषाणात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि सिलिकाचे थरावर थर बसले. लोह मिसळलं, तिथं दगड लाल झाला.

माझ्या आजीनं याच काळ्या पाषाणाची खडी फोडली. 1972 च्या दुष्काळात, सरकारी कामावर. त्याआधी तिची बोरमाळ सावकाराकडं गेली होती. बोरमाळेत वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख असते. थोडक्या सोन्यात गळा भरतो, म्हणून कुणब्याच्या घरी तिची हौस. सावकारानं लाखेचं वजन वजा केलं, तेव्हा ओंजळभर माळेचं सोनं चिमूटभर भरलं. पण तेवढ्यावर घरात ज्वारी आली.

सातबाऱ्यावर आजीचं नाव कधीच नव्हतं. बोरमाळ तेवढी तिची होती. दागिन्याची हौस म्हणजे नुसता नटण्याचा सोस, असं कुणी म्हटलं की मला ती माळ आठवते. डोरलं मात्र तिनं शेवटपर्यंत गळ्यातून काढलं नाही. त्याचं वजनही कधी कुणाला करू दिलं नाही.

चौथ्या वर्षी माळ सोडवून आणली. आज ती आमच्या ट्रंकेत आहे, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. त्याच चिंधीत एक गारगोटी आहे. खडी फोडताना एक दगड दुभंगला आणि आत खडीसाखरेसारखं काही लखलखलं. मुकादमाची पाठ वळताच आजीनं ते ओच्यात टाकलं होतं.