तलाव नसलेला धोबी तलाव

बारा वर्षं कल्याण ते सीएसएमटी. रोज सकाळची फास्ट लोकल, आणि उतरलं की ऑफिसच्या दिशेने तरातरा चालत सुटायचं. धोबी तलावाचा चौक त्या वर्षांत किती वेळा ओलांडला असेल, मोजदाद नाही. पण इथला तलाव कुठाय, हे कधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही. कधी बस घेतली तर कंडक्टर ओरडायचा, "चला, धोबी तलाव!" आणि लोक मुकाट उतरायचे. मीसुद्धा.

नोकरी सुटली, मुंबई सुटली. आज सात वर्षांनी पुन्हा या चौकात उभा आहे. हातात काम नाही, म्हणून डोकं वर करून बघतोय.

मेट्रो सिनेमा जागेवर आहे. इराणी हॉटेलात बनमस्का आहे. तलाव तेवढा नाही. जिथे धोबी कपडे आपटायचे, ते पाणी बुजवून त्यावर हा चौक बसलाय.

एकदा हे लक्षात आलं, की बसच्या पाट्या वेगळ्याच दिसायला लागतात. सी. पी. टँक. दो टाकी. गोवालिया टँक. गवळी जिथे गुरं धुवायचे तो तलाव मैदानाखाली गेला आणि त्याच मैदानावर १९४२च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक दिली गेली. ती तारीख आपल्याला शाळेपासून पाठ. तलाव मात्र कुणी शिकवला नाही.

ही पाणवठ्यांची मुंबई गेली कशी? १८६० साली विहार तलाव बांधून झाला आणि शहरात नळाचं पाणी आलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांचं निमित्त झालं. वाड्यावाड्यांतल्या विहिरी झाकायच्या, नाहीतर बुजवायच्या. लोकांनी कुरकुर केली, पूजेला विहिरीचंच पाणी लागतं म्हणून भांडले. बऱ्याच विहिरी तरीही गेल्या.

एक टिकली. चर्चगेटजवळ, क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावर. १७२५ साली भिखाजी बेहराम या पारशी गृहस्थाने खोदलेली. गुजरातेतून मुंबईला येताना मराठ्यांनी त्याला मुसलमान समजून कैदेत टाकलं आणि अंगातला सदरा आणि कमरेची कुस्ती, म्हणजे पारशांचा पवित्र धागा, दाखवल्यावर सोडलं, असं सांगतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि विहिरीचं पाणी गोडं! आत फक्त पारशांना प्रवेश. मी कठड्याबाहेरून पाहिली. मागून चर्चगेटची गर्दी वाहत होती. तिच्यातलं कुणी मान वळवत नव्हतं, आणि कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाला गेलो नाही. तिथे आता रील काढणाऱ्यांना बसायला पायरी पुरत नाही.

त्याऐवजी बोरिवली, आणि वर कान्हेरी. शंभरावर लेणी आहेत. लोक चैत्यगृहातल्या मूर्तींपुढे फोटो काढतात आणि परततात. तुम्ही जरा वर चढा आणि लेण्यांच्या दाराशी बघा. जमिनीत खोदलेली टाकी. खडकात कोरलेल्या बारीक पन्हळी पावसाचं पाणी उतारावरून थेट टाक्यात आणून सोडतात. पन्हळीत बोट घातलं तर छिन्नीचे घाव अजून लागतात. ब्राह्मी शिलालेखांत या टाक्याला शब्द आहे, पोढी.

याच डोंगररांगेत विहार आणि तुळशी आहेत. पण मुंबईची तहान आता त्यांच्याने भागत नाही. पाणी येतं शहापूरच्या बाजूने, तानसा, भातसाहून. आणि उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. जलवाहिनी तिथूनच निघते.

कान्हेरीतल्या एका शिलालेखात म्हटलंय, ही पोढी कल्याणच्या एका सोनाराने दान दिली. कल्याणचा! माझ्याच लाइनचा माणूस, फक्त सतराअठराशे वर्षं आधी आलेला.

रखवालदाराला विचारलं, "त्या सोनाराची पोढी कुठली हो?"

तो म्हणाला, "नंबर सांगा साहेब. इथे नावावरून काही सापडत नाही."