पकडलेला कार्बन सोडवायचा कसा?

मित्रहो, चिमणीच्या धुरातला किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड काही सच्छिद्र खनिजांनी पकडता येतो; तो पकडायचा आणि पुन्हा सोडवायचा कसा, हे आज बघू. टेबलावर ठेवलेला हा दगड आपल्याकडचाच आहे. काळ्या कातळाच्या पोकळीत पंख्यासारखा फुललेला हा गुलाबीसर गुच्छ म्हणजे स्टिल्बाइट. नाशिक, जळगाव, पुणे या भागांत विहिरी खणताना, खाणींत सुरुंग लावताना असे गुच्छ निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते डोळे भरून पाहता येतात, आणि शाळेतल्या मुलांना तिथे अवश्य न्यावं.

१७५६ साली स्वीडनचे खनिजतज्ज्ञ क्रॉनस्टेट यांनी अशाच खनिजाला आच दिली, तर ते फसफसलं आणि वाफ निघाली. दगडाच्या आत पाणी होतं. झिओलाइट म्हणतात तो हाच वर्ग. यातल्या बऱ्याच प्रकारांत पाणी निघून गेलं तरी सांगाडा तसाच उभा राहतो आणि रिकाम्या पोकळ्या दुसऱ्या रेणूंना मोकळ्या होतात.

सांगाडा सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं की तिथे एक ऋण भार जास्तीचा पडतो. तो फेडायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे धन आयन पोकळ्यांत येऊन बसतात. या आयनांकडे नीट लक्ष द्या, कारण खरं काम तेच करतात.

झिओलाइटला ‘आण्विक चाळणी’, म्हणजे रेणू चाळणारी चाळणी, म्हणायची पद्धत पडली आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, कार्बन डायऑक्साइड त्याच्या आकारामुळे अडकतो. कारखान्यात बनणारं १३एक्स नावाचं झिओलाइट घ्या. त्याच्या खिडक्या सुमारे ०.७४ नॅनोमीटर रुंद. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३, नायट्रोजनचा ०.३६. दोघेही आरामात आत जातात! मग निवड कोण करतं? कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत दोन्ही टोकांचे ऑक्सिजन किंचित ऋण आणि मधला कार्बन किंचित धन असतो. सोडियम आयनाजवळच्या विद्युत क्षेत्रात असा रेणू खेचला जातो आणि तिथेच रेंगाळतो. नायट्रोजनवरही हे खेचणं चालतं, पण बरंच क्षीण. रासायनिक बंध मात्र सहसा तयार होत नाही.

२०२१ मध्ये ज्यांच्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, त्यांना दर काही सेकंदांनी येणारा ‘फुस्स’ आवाज आठवत असेल. त्या यंत्रातही झिओलाइटच असतं. दाबाखाली ते हवेतला नायट्रोजन धरतं, ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की धरलेला नायट्रोजन बाहेर पडतो, तोच तो आवाज. कार्बन डायऑक्साइडसाठीही हेच चक्र वापरता येतं: धरा, दाब उतरवा किंवा तापवा, पुन्हा धरा.

माझं स्पष्ट मत आहे की पदार्थ किती वायू धरतो या आकड्यावर आपण फार लवकर खूश होतो. कोरडं १३एक्स खोलीच्या तापमानाला, शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये, किलोमागे जवळपास २०० ग्रॅम धरतं. पण हवेत हा वायू फक्त ०.०४ टक्के. तिथे आकडा १०-२० ग्रॅमवर येतो, आणि तोही हवा अगदी कोरडी असेल तर. कोळशाच्या चिमणीत १२ ते १५ टक्के असतो, म्हणून तिथलं गणित बरं.

आता हा प्रयोग बघा. चंचुपात्रात १३एक्सचे मूठभर मणी आहेत. मी थोडं पाणी घालतो. काचेला बाहेरून बोट लावा, पण सांभाळून. चटका बसतोय ना? पाण्याचा रेणू आयनांना इतका घट्ट चिकटतो की एवढी उष्णता बाहेर पडते. चिमणीचा धूर ओला असतो. ओल आधी जागा अडवते, कार्बन डायऑक्साइडला शिरकाव उरत नाही, आणि ती ओल हाकलायला जबर तापवावं लागतं. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत मोठी अडचण दिसते ती हीच.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ही ओलीची अडचण सोडवली आहे, पण किंमत मोजून. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिथे केबिनची हवा आधी शोषकांच्या थरातून कोरडी करतात, मगच ती कार्बन डायऑक्साइड धरणाऱ्या झिओलाइटमधून जाते. थरांच्या दोन जोड्या असतात: एक हवा शुद्ध करत असते, तेव्हा दुसरी रिकामी होत असते. वायू सोडवायला थर तापवतात आणि निर्वाताला जोडतात. अवकाशात निर्वात फुकट मिळतं. चिमणीपाशी पंप बसवावा लागतो आणि त्याला वीज लागते, बहुधा त्याच कोळशावरची.

तरीही मला आशा वाटते ती राखेकडे बघून. कोळसा जळल्यावर उरणारी उडती राख मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाच असते. म्हणजे झिओलाइटच्या सांगाड्याचाच माल. ही राख कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सुमारे १०० अंशांवर काही तास ठेवली की झिओलाइटचे स्फटिक धरू लागतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत यावर काम झालं आहे. राखेतली क्वार्ट्झ आणि म्युलाइट ही खनिजं सहजी विरघळत नाहीत, त्यामुळे माल शुद्ध मिळत नाही. विदर्भात कुणी तरुण विषय शोधत असेल तर त्याने इथून सुरुवात करावी. कच्चा माल चिमणीच्या पायथ्याशीच पडला आहे.