निळा पैलवान आणि सीलबंद प्लगिन

(कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दिलेलं व्याख्यान. बोललो तसंच टाइप केलंय, फक्त माइक बंद पडला तो भाग आणि माझं तेच तेच दोनदा सांगणं काढून टाकलंय.)

नमस्कार मंडळी. मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या की, पहिल्या ओळीत बसलं म्हणून कोण धरून प्रश्न विचारत नाही इथं. विषय बोर्डावर लिहिलाय, लिनक्सवर बंदिस्त मीडिया प्लगिन, म्हणजे व्हिडिओ दाखवायला ब्राउझरला जोडायचे आणि आतलं कुणाला न दाखवणारे प्रोग्राम, कसे चालवायचे, आणि मला माहितेय निम्म्यांच्या मनात आलं असणार की फ्लॅश, ते अॅडोबीचं प्लगिन, तर केव्हाच गेलं, आता त्याचं काय वर्षश्राद्ध घालायचं? तर घालायचंच आहे थोडं. पण जेवायच्या वेळेपर्यंत आपण तुमच्या आजच्या ब्राउझरपर्यंत पोचू, कारण प्लगिन गेलं नाही ओ, अंग चोरून बसलंय एवढंच.

मी २००८ पासून काही वर्षं राजारामपुरीत सायबर कॅफे चालवला. सात मशीन, सातही उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर. तत्त्वबित्त काही नव्हतं, पेनड्राइव्हमधनं येणाऱ्या व्हायरसला वैतागलो होतो, बास. गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी पाहिजे असायच्या, रिझल्ट आणि यूट्यूब. रिझल्ट दिसायचा.

यूट्यूब म्हणजे तेव्हा फ्लॅश, आणि फ्लॅश म्हणजे आपल्या दृष्टीनं एकच फाइल, लिबफ्लॅशप्लेयर डॉट एसओ. ती फाइल होम फोल्डरमधल्या मोझिलाच्या लपलेल्या फोल्डरात, प्लगिन्स नावाच्या डब्यात टाकायची, फायरफॉक्स बंद करून चालू करायचा, अॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन प्लगिन्स लिहायचं आणि यादीत नाव आलं की सुस्कारा सोडायचा. ही जी खोबण होती, जिच्यात फाइल बसायची, ती एनपीएपीआय. नेटस्केप २ च्या काळातली, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. त्या काळी कुणी पहारा वगैरे विचारात घेतला नव्हता, त्यामुळं प्लगिन एकदा आत आलं की तुम्ही लॉगिन करून जे जे करू शकता ते सगळं त्यालाही करता यायचं. पाव्हणा आला आणि थेट तिजोरीच्या खोलीत झोपला, असा प्रकार.

आता आपण बसलोय कुठं? उद्यमनगरात. खालच्या वर्कशॉपमध्ये कुणी बिघडलेलं इंजिन आणलं तर मिस्त्री पहिलं वाक्य काय बोलतो? "खोल, बघू." बुश झिजला असंल तर लेथवर दुसरा काढतो, पार्ट मिळत नसंल तर पॅटर्न करून ओतून घेतो. लिनक्सवाल्याची सवय तीच, सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, असतो, खोलतो आणि बघतो. पण हे प्लगिन म्हणजे वेल्डिंग मारून बंद केलेलं मशीन. आत काय चाललंय दिसत नाही, बोल्ट नाहीत, झाकण नाही. मग मिस्त्री काय करणार? मशीनला हात लावता येत नाही म्हणून त्याच्याभोवतीनं फिक्स्चर बनवणार. लिनक्सवाल्यांनी पंधरा-वीस वर्षं हीच फिक्स्चर बनवली आणि त्यातली काही इतकी भारी आहेत की मला फ्लॅशपेक्षा त्यांच्याबद्दलच बोलायला आवडतं.

पहिलं फिक्स्चर ६४ बिटांचं. प्रोसेसर ६४ बिटी आले, लिनक्स ६४ बिटी झालं, फायरफॉक्स झाला, आणि फ्लॅश ३२ बिटीच. एका प्रोसेसमध्ये ६४ आणि ३२ चा संसार होत नाही. सोर्स असता तर तो ६४ बिटांसाठी पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे त्यावरनं चालणारी फाइल नव्यानं बनवायचा, प्रयत्न तरी केला असता. नव्हता. म्हणून एनएसप्लगिनरॅपर नावाचा प्रोग्राम आला, तो ३२ बिटी प्लगिनला वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवायचा आणि ब्राउझरशी मध्यस्थासारखा निरोप पोचवायचा. गंमत अशी की यातनं एक फायदा फुकट मिळाला, फ्लॅश कोसळलं तरी ब्राउझर जगायचा. पुढं २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६.४ नं हीच आयडिया घरात आणली, प्लगिन-कंटेनर म्हणून. माझ्या कॅफेतल्या पोराला लिनक्सची एकच कमांड पाठ होती, किलऑल प्लगिन-कंटेनर, म्हणजे अडकलेलं प्लगिन मारून टाक. झोपेतबी टाइप केली असती त्यानं.

बरं, ६४ बिटी फ्लॅशची चाचणीतली आवृत्ती नोव्हेंबर २००८ मध्ये आली आणि पक्की व्हायला २०११ उजाडलं, फ्लॅश ११. मधल्या काळात, २०१० ला, फेडोरा १४, म्हणजे लिनक्सचाच आणखी एक प्रकार, त्याच्या वेळी एक प्रकरण झालं, ते जरा सावकाश सांगतो, कारण आजच्या भाषणातला माल तिथंच आहे.

६४ बिटी फ्लॅशमधनं अचानक आवाज चरचरायला लागला, फुटका रेडिओ लावल्यागत. प्लगिन तेच, कुणी हात लावला नव्हता. बदललं होतं ते सिस्टीमच्या तळाचं, जीलिबसी, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी. त्यात मेमसीपीवाय नावाचं फंक्शन आहे, मेमरीतला माल एका जागेवरनं दुसऱ्या जागी कॉपी करतं. त्याच्या मॅन्युअलात स्पष्ट लिहिलंय की उचलायची जागा आणि ठेवायची जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात, तसं असंल तर मेममूव्ह वापरा.

असं समजा की गुऱ्हाळात गुळाचे रवे एका ओळीत चिकटून मांडलेत आणि सगळी ओळ एक रवा डावीकडं सरकवायचीय. डावीकडनं सुरू केलं तर पहिला रवा मोकळ्या जागेत जातो, त्याची जागा मोकळी होते, दुसरा तिथं येतो, सगळं सुरळीत. आणि उजवीकडनं सुरू केलं तर? पहिलाच रवा शेजारच्याच्या डोक्यावर आपटणार, दोन्हींचा भुगा. आता जुनं मेमसीपीवाय नेहमी डावीकडनं सुरू करायचं, त्यामुळं नियम मोडणाऱ्याचंही निभावून जायचं. नव्या आवृत्तीत काही प्रोसेसरांवर वेग वाढवण्यासाठी ते उलट्या टोकाकडनं कॉपी करायला लागलं. फ्लॅश नियम मोडत होतं, इतकी वर्षं पचलं, आता आवाजाचा भुगा झाला.

मग वाद. चूक प्लगिनची, ते नियमबाह्य वागतंय, असं लायब्ररीवाले म्हणाले, आणि कागदावर ते शंभर टक्के बरोबर होते. पण त्या बगझिलात, म्हणजे चुकांच्या तक्रारी नोंदवायच्या जागी, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः उतरला, आणि त्याचं म्हणणं साधारण असं की वापरणाऱ्याला हे असलं काही कळत नाही, काल आवाज चांगला येत होता आणि आज येत नाही, त्याच्या लेखी सिस्टीम बिघडली. तो नुसतं बोलून थांबला नाही, आपलं छोटंसं मेमसीपीवाय लिहून एलडी-प्रीलोड नावाच्या सोयीनं प्लगिनच्या आधी कसं घुसवायचं ते दाखवलं. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये तडजोड झाली, नव्यानं कंपाइल होणाऱ्या प्रोग्रामला नवं मेमसीपीवाय आणि आधीच कंपाइल झालेल्या जुन्या बायनरींना मेममूव्हसारखं सांभाळून घेणारं. म्हणजे बघा, एका सीलबंद फाइलमधल्या एका ओळीची चूक, ती ओळ दुरुस्त करायला लिनस टोरवाल्ड्सलासुद्धा हात घालता येईना, म्हणून सगळ्या सिस्टीमचा पाया तिच्या मापानं बसवून घेतला. मला हे वाचून तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही.

दुसरा किस्सा हलका आहे. २०१२ च्या आसपासची गोष्ट. कॅफेत एक तालमीतलं पोरगं आलं, खासबागेतल्या कुस्तीचा व्हिडिओ लावला आणि ओरडलं, "मालक, पैलवान निळा झालाय की!" जाऊन बघतो तर खरंच, दोन्ही पैलवान देवळातल्या चित्रातल्या रामकृष्णासारखे निळे, आणि खासबागेची लाल माती पण निळी. चेहरा स्पष्ट, हालचाल झकास, फक्त रंग उलटे. हे कोल्हापुरातच नव्हतं, जगभर लिनक्सवाल्यांच्या स्क्रीनवर निळी माणसं फिरत होती. व्हिडिओत उजेड वेगळा साठवतात आणि रंगाचे दोन भाग वेगळे, यू आणि व्ही. ठराविक ग्राफिक्स कार्डावर हार्डवेअरकडनं व्हिडिओ काढून घेताना यू च्या जागी व्ही आणि व्ही च्या जागी यू जात होता. उजेड बरोबर म्हणून चेहरा ओळखू यायचा. मी काय केलं, व्हिडिओवर राइट क्लिक, सेटिंग्ज, हार्डवेअर अॅक्सिलरेशनची टिक काढली. पैलवान माणसात आला, मशीनचा पंखा मात्र बोंबलायला लागला.

आणि यावरचं फिक्स्चर ऐका. व्हीडीपीएयू, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डाकडं देणारी सोय, तिच्या लायब्ररीत नंतर एक सेटिंग आलं, नावच "एनेबल फ्लॅश यूव्ही स्वॅप". म्हणजे लायब्ररी बघणार की मागणारा फ्लॅश आहे का, असंल तर दोन रंग मुद्दाम उलटे करून देणार, म्हणजे उलट्याचं उलटं होऊन सुलटं. आपल्यात एखादा म्हातारा उलटंच बोलतो हे माहीत असलं की घरातले त्याला मुद्दाम उलटं विचारतात ना, तसंच!

सिल्वरलाइटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फ्लॅशसारख्याच प्लगिनचं, पटकन सांगतो. लिनक्ससाठी मूनलाइट नावाचा मोकळा पर्याय निघाला, पण व्हिडिओचं कुलूप, म्हणजे डीआरएम, त्याला उघडत नव्हतं, आणि २०१२ पर्यंत तो प्रकल्प सोडून दिला गेला. २०१३ मध्ये दोघांनी पाइपलाइट काढलं, आणि ते म्हणजे नाद खुळा काम. विंडोजचं सिल्वरलाइट वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीत, चालवायचं आणि लिनक्सच्या फायरफॉक्सला पाइपनं जोडायचं. फायरफॉक्सला वाटतं शेजारी लिनक्सचं प्लगिन आहे, सिल्वरलाइटला वाटतं आपण विंडोजवर आहोत. वर वेबसाइटलाही फसवायला लागायचं, यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख, बदलून आम्ही विंडोजवालेच म्हणून सांगायचं. आपल्याकडं नेटफ्लिक्स आलं जानेवारी २०१६ मध्ये, त्यामुळं मी हे सगळं केलं ते एका पोराच्या कोर्सच्या लेक्चरसाठी. दीड दिवस गेला. लेक्चर चाळीस मिनिटांचं.

(हशा)

मग खोबणच बुजवायला सुरुवात झाली. २०१२ च्या फेब्रुवारीत अॅडोबीनं जाहीर केलं की लिनक्सवर एनपीएपीआयचं फ्लॅश ११.२ वरच थांबणार, पुढचं फक्त क्रोममधनं. २०१६ ला तो निर्णय फिरवला. क्रोमनं लिनक्सवर २०१४ मध्ये, आवृत्ती ३५ ला, एनपीएपीआय काढलं, फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळे प्लगिन बंद केले. आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपला, १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेयर स्वतःच काही चालवायला नकार द्यायला लागला. मरणाची तारीख मशीनच्या पोटातच लिहिलेली होती.

आता आज. घरी ओटीटी लावता तेव्हा कुलूप उघडतं कोण? गूगलचं वाइडवाइन. तेही सीलबंदच. खोबण नवी, तिचं नाव ईएमई, २०१७ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संघटनेनं ती स्टँडर्ड म्हणून मान्य केली आणि डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ त्या कारणावरनं त्या संघटनेतनं बाहेर पडली. फायरफॉक्सवर लिनक्सला वाइडवाइन चालू झालं आवृत्ती ४९ पासून, २०१६. पण फरक आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. जुना पाव्हणा तिजोरीच्या खोलीत झोपायचा, हा नवा पिंजऱ्यात आहे. फायरफॉक्स त्याला सँडबॉक्समध्ये ठेवतो, फाइलींना हात लावू देत नाही, आणि तो पिंजरा मोकळ्या सोर्सचा आहे, तो तरी आपल्याला खोलून बघता येतो. मी डीआरएमचा भक्त नाही, पण ठेवायचाच असंल तर असा ठेवा.

तरी वेल्डिंग ते वेल्डिंगच. डेस्कटॉप लिनक्सवर वाइडवाइन एल३ पातळीचं, म्हणजे उलगडण्याचं काम सॉफ्टवेअरमध्येच, म्हणून बऱ्याच सेवा लिनक्सवर ४के देत नाहीत. तुमचं नेट कितीबी फास्ट असू दे, ग्राफिक्स कार्ड कितीबी महागाचं असू दे. कुणीतरी चित्र धुरकट दिसतं म्हणून राउटर बदलला होता, तो पैसा वाया गेला.

प्रश्न घेऊ. हां, बोला ताई. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोमच्या मोकळ्या सोर्सच्या भावात, ओटीटी चालत नाही, क्रोममध्ये चालतं, का? कारण क्रोमसोबत वाइडवाइन येतं, क्रोमियमसोबत येत नाही. फायरफॉक्स असंल तर सेटिंग्जमध्ये डीआरएमवालं कंटेंट चालवायची टिक आहे, ती केली की तो स्वतः उतरवून घेतो. रास्पबेरी पाय, तो छोटा स्वस्त कॉम्प्युटर? तीच जुनी ६४ बिटांची गोष्ट, प्रोसेसर वेगळा आणि सोर्स नाही. लोक क्रोमबुकच्या सिस्टीममधनं फाइल काढून आणायचे, २०२१ पासून पायच्या सिस्टीममध्येच अधिकृत पॅकेज मिळतं, ते टाका.

काका, तुमचं? नातवासाठी घेतलेली बालगीतांची जुनी सीडी, त्यात एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या फायली. आता त्याला रफल आहे. रस्ट या भाषेत नव्यानं लिहिलेलं फ्लॅशचं एम्युलेटर, मोकळ्या सोर्सचं, प्लगिन लागत नाही. जुन्या अॅक्शनस्क्रिप्टच्या, म्हणजे फ्लॅशच्या आतल्या भाषेच्या, फायली बहुतेक चालतात, तिसऱ्या आवृत्तीच्या काही अडतात. आणलीय सीडी? पेनड्राइव्हवर? मग द्या की इकडं, चहा येईपर्यंत लावून बघू.