शेवटचं ताट

(दृश्य: स्वयंपाकघर. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा.)

सांगलीतलं हे घर. मुलगा कामावरून आला, जेवून उठला. नातवाला भरवून झालं, आजोबांचं दूध देऊन झालं. आता काकू स्वतःचं ताट वाढून घेतायत. कढईत उरलेली वांग्याची भाजी, दीड भाकरी, तळाशी राहिलेली आमटी, आणि नातवानं टाकलेली अर्धी पोळी. अन्न टाकवत नाही म्हणून तीही पोटात जाते. मग भांडी आवरायची, ओटा पुसायचा आणि लगेच पाठ टेकायची.

बाराच्या सुमाराला जाग येते. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर, पोट तट्ट फुगलेलं. उठून बसलं की जरा बरं वाटतं. आडवं झालं की पुन्हा तेच.

(दृश्य: फ्रिजवरचा स्टीलचा डबा.)

या डब्यात गुलाबी औषधाची बाटली आहे, सोड्याच्या पुड्या आहेत, पित्ताच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आहे, ओवा-सैंधव आहे आणि गुडघेदुखीच्या गोळ्याही आहेत. असा डबा किती घरांत असतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पित्त झालं की आपण पहिला आळ घेतो तो तिखटावर. काहींना तिखट बाधतं, हे खरंच. पण रात्री होणाऱ्या जळजळीमध्ये भाजीइतकाच वाटा घड्याळाचा असतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंची एक कडी असते. घास खाली गेला की ती आवळते. पोट गच्च भरलेलं असलं की ती वरचेवर सैल पडते आणि आम्ल वर चढतं. जठराला या आम्लापासून वाचवणारं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून आग होते. बसलेलो किंवा उभे असलो तर वर आलेलं आम्ल आपल्या वजनानं खाली उतरतं, गिळलेली लाळ उरलंसुरलं धुऊन नेते. झोपेत यातलं काहीच होत नाही. लाळ कमी सुटते, गिळणं जवळजवळ थांबतं. आणि भरपेट जेवण जठरातून पुढं सरकायला तीन-चार तास लागतात.

म्हणून डॉक्टर सांगतात, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. काकूंनाही सांगितलं होतं. पण साडेसातला त्या कणीक तिंबत असतात! हा सल्ला एकट्या बाईला देऊन उपयोग नाही, तो अख्ख्या घराला द्यायला हवा. सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते, भराभरा आणि उशिरा जेवायचं ही आपल्या घरांमधली रीत बायकांच्या पोटावर उठलेली आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

या घरात सुनेनं ते मनावर घेतलं. "आई, तुम्ही आधी बसा. आम्ही वाढून घेऊ." सुरुवातीला काकूंना घास उतरेना. मुलगा घरी यायचा असताना आपण जेवायचं कसं? आता साडेसातला त्या आणि आजोबा सोबत बसतात. रात्री भूक लागलीच तर एखादं केळं.

(दृश्य: पलंगाचे पाय. उशाकडच्या दोन पायांखाली विटा.)

हा दुसरा बदल. पलंगाची उशाकडची बाजू सहा ते आठ इंच उचलायची. नुसत्या उशा वाढवून भागत नाही, कारण उशांनी मान तेवढी वाकते, पोट मुडपतं आणि दाब वाढतोच. कमरेपासून वर उतार हवा. जमिनीवर झोपणाऱ्यांना गादीखाली गोधड्यांच्या घड्या घालून तसा उतार करता येतो. झोपायचं डाव्या कुशीवर. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग कडीच्या खाली राहतो आणि अन्ननलिकेत आलेलं आम्ल लवकर निघून जातं.

आणि परकराची नाडी. काकूंच्या कमरेवर तिचा काळा वळ पडलाय. घट्ट नाडी, घट्ट पट्टा, सुटलेलं पोट, तिन्हींचा दाब जठरावर येतो. नाडी सैल करायला पैसे पडत नाहीत. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरल्यानंही फरक पडतो. तंबाखू आणि मिशरीनं ती कडी आणखी ढिली होते, तेव्हा ही सवय सुटायलाच हवी.

आता डब्याकडे वळू. सोडा किंवा गुलाबी औषध आम्ल तेवढ्यापुरतं मारतं. काही मिनिटांत आराम पडतो, पण तो फार टिकत नाही. सोड्यात सोडियम भरपूर असतं, म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तो विचारल्याशिवाय घेऊ नये. थंड दूधही तसंच, पिताना गार वाटतं आणि मागाहून आम्ल सुटतंच.

पित्ताची गोळी निराळी. या जातीचं पहिलं औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आलं. ते जठराच्या अस्तरातले आम्ल तयार करणारे सूक्ष्म पंपच बंद करतं. पंप जेवणाबरोबर जागे होतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, बहुधा सकाळी नाश्त्याआधी. आपल्याकडे ती जळजळ सुरू झाल्यावर घेतली जाते आणि मग 'गुण येत नाही' म्हणून बदलली जाते. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी दिली असेल तर ती कुणाच्या सांगण्यावरून मध्येच सोडू नये. पण दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेत राहणं हा उपचार नव्हे. फार काळ घेतल्यावर काहींचं बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं, आणि एकदम बंद केली तर आम्ल काही काळ उसळून येतं. जळजळीमागचं कारण तपासून घेतलं पाहिजे.

कारण कधीकधी त्याच डब्यात सापडतं. गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. काकू त्या सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायच्या. पित्ताच्या डॉक्टरांना गुडघ्याची गोळी सांगायचं त्यांना सुचलंच नव्हतं. डॉक्टरांकडे जाताना अख्खा डबाच सोबत न्या.

जठरात अल्सर असेल तर एका जंतूची तपासणी होते, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो शोधला. मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला, त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जंतू सापडला तर प्रतिजैविकांचा कोर्स पुरा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. डोकं दुखलं की घशात बोटं घालून 'पित्त पाडायची' सवय. त्यानं अन्ननलिका सोलवटते, दात झिजतात. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, उलटी झाल्यावर उतार पडतो, ही बऱ्याचदा अर्धशिशी असते. तिचं औषध वेगळं.

(दृश्य: पातेल्यात भिजत घातलेले हरभरे.)

पोट फुगण्याचं गणित वेगळं आहे. डाळी-कडधान्यांतल्या काही शर्करा पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही. त्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जंतू त्या आंबवतात आणि वायू होतो. रात्रभर भिजवून पाणी ओतून टाकलं की त्यातल्या बऱ्याच निघून जातात. कांदा, लसूण, गहू, दूध यांपैकी कुणाला काय सोसत नाही ते माणसागणिक बदलतं. एका वेळी एकच पदार्थ दोन-तीन आठवडे सोडून पाहा, मग पुन्हा सुरू करून पाहा. सगळी कडधान्यं सोडू नका, शाकाहारी घरात प्रथिनं येणार कुठून? पोट साफ होत नसेल तर आधी ते पाहा, अर्धी फुगवट तिथंच असते. आणि उपवासाला दिवसभर चहावर काढून रात्री साबुदाण्याची खिचडी चेपली तर दोन्ही त्रास एकदमच होणार.

घरगुती उपाय कुठं थांबवायचे तेही ऐका. घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, डांबरासारखी काळी शौचाला होणं, रक्ताची उलटी, हिमोग्लोबिन घटणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर एंडोस्कोपीविषयी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीविषयी, विचारा. बाईचं पोट नव्यानं आणि रोजच फुगायला लागलं असेल तर 'गॅस' म्हणून सोडून देऊ नका, अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्या. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, हात, जबडा किंवा पाठ दुखू लागली, धाप लागली, तर सोडा पिऊन ढेकराची वाट बघत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.