स्टाइल हटवण्याआधी

समजा, एखाद्या अॅपच्या डिझाइनमधल्या एका बटणाचा निळा रंग त्या बटणापुरता ठरवलेला नाही. तो एका सामायिक स्टाइलमधून आलेला आहे आणि तीच स्टाइल शीर्षकांच्या पट्ट्या, लिंक, सूचनांच्या चौकटी अशा अनेक लेयरना, म्हणजे डिझाइनमधल्या घटकांना, लावलेली आहे. फिग्मासारख्या डिझाइनच्या साधनांत रंग, मजकूर, सावलीसारखे परिणाम आणि मांडणीच्या ग्रिड यांच्या स्टाइल्स अशा एकदाच ठरवून ठेवता येतात, आणि मूळ स्टाइल बदलली की तिला जोडलेले लेयरही बदलतात.

बराच काळ वापरात असलेल्या फाइलमध्ये मात्र ‘निळा’, ‘निळा नवा’, ‘निळा अंतिम’ अशी गर्दी साचते. ती आवरण्याचे काम कंटाळवाणे असल्यामुळे आता एआय एजंटकडे, म्हणजे पावले स्वतः ठरवून काम करणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवले जाऊ लागले आहे.

अडचण अशी, की चुकीची स्टाइल हटवली तरी काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. लेयरवरचा रंग तसाच राहतो, तुटतो तो फक्त मूळ स्टाइलशी असलेला दुवा. एजंटने काम संपवून स्क्रीनशॉट तपासला, तरी त्यालाही सगळे ठीकच दिसेल. नुकसान उघडे पडते ते पुढे कधीतरी, ब्रँडचा निळा बदलायची वेळ येते तेव्हा. काही बटणे नवा रंग घेतात, काही जुन्यावरच अडून बसतात आणि त्यामागचे कारण कोणालाच आठवत नाही.

म्हणून एजंट ज्या टूलमार्फत, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्राममार्फत, स्टाइल हटवतो, त्या टूलने हटवण्याआधी तिचा वापर मोजायला हवा, आणि हे मोजणे वाटते तितके सोपे नाही. फिग्माच्या प्लगइन एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामना फाइलशी व्यवहार करू देणाऱ्या सोयीत, एखादी स्टाइल कोणत्या लेयरच्या कोणत्या गुणधर्माला लावली आहे हे विचारता येते. पण जे टूल स्वतः लेयर चाळून मोजणार असेल, त्याने आधी फाइलची सर्व पाने लोड करणे आवश्यक आहे, कारण ही पाने गरजेप्रमाणे लोड होतात आणि लोड न झालेल्या पानावरचा वापर मोजणीत येत नाही. एकाच मजकुरातल्या वेगवेगळ्या शब्दांना वेगवेगळ्या स्टाइल्स असू शकतात, हेही निसटायला नको. शिवाय स्टाइल लायब्ररी म्हणून प्रकाशित झालेली असेल, तर ती इतर फाइलमध्येही वापरली जात असण्याची शक्यता असते. तेव्हा ‘वापर शून्य’ या उत्तराचा अर्थ ‘या फाइलमध्ये शून्य’ एवढाच घ्यावा, आणि टूलनेही ते तसेच लिहून द्यावे.

नाव बदलू शकते आणि फसवूही शकते, त्यामुळे स्टाइल ओळखायची ती तिच्या आयडीवरून. काम दोन टप्प्यांत व्हावे. पहिल्या कॉलमध्ये, म्हणजे एजंटने टूलला केलेल्या पहिल्या विनंतीत, काहीही न हटवता बाधित लेयरची यादी आणि तिच्याशी बांधलेला एक टोकन, म्हणजे ओळखीचा संकेत, मिळावा, आणि दुसऱ्या कॉलमध्ये तोच टोकन दिल्यावरच स्टाइल हटावी. मधल्या वेळात एखाद्या डिझायनरने ती स्टाइल नव्या लेयरला लावली असेल, तर टूलने नकार देऊन पुन्हा मोजणी करावी. पर्यायी स्टाइल सुचवलेली असल्यास आधी सर्व लेयर तिच्याकडे वळवावेत आणि मगच जुनी काढावी. नेटवर्क तुटल्यामुळे एजंटने तोच कॉल पुन्हा केला, तर ‘आधीच हटवली आहे’ असे सरळ उत्तर पुरेसे आहे.

एजंटला अशा टूलशी जोडण्यासाठीचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. त्यात एखादे टूल विध्वंसक बदल करू शकते असे आधीच नोंदवण्याची सोय आहे; पण ती नोंद केवळ सूचना असते, ती कॉल अडवत नाही. अडवण्याचे काम टूलला आणि ते चालवणाऱ्या अॅपला करावे लागते. कॉलसोबत भरायचा ‘कन्फर्म’ नावाचा एक पॅरामीटर ठेवून संमती घेतली असे मानणे भाबडेपणाचे आहे, कारण एजंट तो स्वतःच भरून मोकळा होतो. संमती माणसाकडूनच यायला हवी, आणि ती मागताना त्याच्यासमोर स्टाइलचे नाव, पाने, लेयरची संख्या आणि पर्यायी स्टाइल असायला हवी.

हटवण्यापूर्वी फाइलची आवृत्ती जतन करावी आणि स्टाइलचे मूळ मूल्य व लेयरचे आयडी नोंदवून ठेवावेत. स्टाइल त्याच नावाने पुन्हा तयार केली तरी तिला नवा आयडी मिळतो आणि जुने दुवे आपोआप जुळत नाहीत. ते पुन्हा लावायचे तर हीच नोंद लागते.