पोम्पेई राहिलं, चेतारा सापडलं

[दृश्य: सालेर्नोचं बंदर, सकाळ. फेरीचा भोंगा.]

दक्षिण इटलीतला आमचा हा शेवटचा मोकळा दिवस. तो पोम्पेईच्या रोमन अवशेषांसाठी राखून ठेवला होता. कॉफी घ्यायला म्हणून सालेर्नोच्या बंदरावर आलो, तर समोर फेरी लागलेली. फळ्यावर गावांची नावं होती: चेतारा, मायोरी, मिनोरी, आमाल्फी. रांगेतला जो तो आमाल्फीचं तिकीट काढत होता. आम्ही चेताराची दोन काढली. का, ते त्या क्षणी आम्हालाही सांगता आलं नसतं.

[दृश्य: फेरीवरून किनारा. उभे कडे, लिंबांच्या बागा.]

डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो. त्याच्या पायऱ्या पाडून माणसांनी लिंबं लावली आहेत. 1997 पासून हा सगळा आमाल्फी किनारा जागतिक वारसा आहे आणि उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. पण चेताराच्या धक्क्यावर आमच्याबरोबर मोजकीच माणसं उतरली. फेरी पुढे गेली आणि एकदम शांत झालं.

[दृश्य: जुना बुरूज, चर्चचा घुमट, बंदरातल्या नौका.]

दोनेक हजार वस्तीचं गाव. पाण्याच्या कडेला दगडी बुरूज उभा आहे. समुद्रातून येणाऱ्या हल्लेखोरांवर नजर ठेवायला तो बांधला. 1534 मध्ये तुर्की गलबतं इथवर आली, गाव लुटलं, माणसं गुलाम करून नेली. वर संत पीटरच्या चर्चचा घुमट रंगीत चकचकीत फरशांनी मढवलेला आहे. येशूचा शिष्य व्हायच्या आधी पीटर मासेमारच होता. या गावाचा तो राखणदार, यात नवल नाही. गावाचं नावही मासळीशी जोडलेलं आहे: लॅटिन ‘चेतारिया’, म्हणजे ट्यूना पकडण्याची जागा, असं सांगतात.

बंदरातल्या मोठ्या नौका आजही ट्यूनाच्या मागे दूरवर जातात. गावाचा जीव मात्र एका बोटभर लांबीच्या मासळीत अडकलेला आहे. तिचं नाव आलिची. इंग्रजी नाव अँकोवी, आणि कूळ आपल्या मांदेलीचंच. मार्चअखेर ते जुलै हा तिचा हंगाम. रात्री होड्या दिवे लावून निघतात, उजेडाला मासळी गोळा होते, मग तिच्याभोवती जाळं आवळतात.

[दृश्य: गल्लीतलं खारवणीचं दुकान. हातांचा क्लोज-अप.]

बंदरामागच्या गल्लीत एक दार उघडं होतं. आत खारवणी चालली होती. आम्ही उंबऱ्यावर थबकलो, तर आतल्या बाईंनी मानेनेच ‘या’ म्हटलं.

हे हात बघा. चिमटीत मुंडी धरायची आणि एक हिसका. मुंडीबरोबर आतडंही बाहेर. सुरी लागत नाही. मग लाकडी पिंपात मासळीचा थर, एकीच्या शेपटीशी दुसरीची मान. त्यावर मूठभर जाडं मीठ. पुन्हा थर, पुन्हा मीठ. पिंप लहानसं, चेस्टनट नाहीतर ओकच्या लाकडाचं. इथे त्याला तेर्त्सिन्यो म्हणतात. भरलं की वर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. लोणच्यावर दडपण ठेवतात ना, तसंच. वासही ओळखीचा निघाला. डोळे मिटले असते तर मालवणच्या धक्क्यावर आहोत असंच वाटलं असतं.

पुढचं काम वजनाचं आणि वेळेचं. मासळीला पाणी सुटतं, ते काढून ठेवतात. नियमाप्रमाणे मासळी निदान नऊ महिने मिठात मुरावी लागते. मग तो रस पुन्हा वरून ओततात. तो एकेक थर भिजवत खाली उतरतो आणि पिंपाच्या तळाशी पाडलेल्या भोकातून थेंब थेंब बाहेर पडतो. ही ‘कोलातूरा दि आलिची’. कोलारे म्हणजे ठिबकणं, गाळणं. 2020 मध्ये युरोपीय संघाने तिला या किनाऱ्याचं उत्पादन म्हणून संरक्षण दिलं.

[दृश्य: उन्हात धरलेली बाटली. गडद मधाचा रंग.]

आणि इथे आम्हाला पोम्पेई भेटलं. रोमन लोक मासळी आंबवून ‘गारुम’ नावाचा रस्सा करत आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थात घालत. पोम्पेईतला उम्ब्रिकियुस स्काउरुस हा त्याचा बडा व्यापारी. आपल्या घराच्या फरशीवर त्याने गारुमच्या सुरयांची चित्रं जडवून घेतली होती. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने ते शहर राखेखाली गाडलं. कोलातूरा गारुमचीच वंशज मानली जाते. जे आम्ही अवशेषांत बघायला निघालो होतो, त्याची चव या बाटलीत होती.

[दृश्य: बंदराकाठचं टेबल, वाफाळती ताटली.]

दुपारी स्पागेत्ती मागवली. पाण्यात मीठ घालत नाहीत. कोलातूरा पुरेशी खारट असते. ती शिजवतही नाहीत. वाडग्यात ऑलिव्हचं तेल, लसूण, मिरची, पार्सली आणि ती चमचाभर, त्यात गरम स्पागेत्ती घोळवायची. नाताळच्या आदल्या रात्री इथे घरोघरी हेच जेवण असतं. पहिल्या घासाला मीठ लागतं, मग मासळी, आणि मग बराच वेळ जिभेवर काहीतरी गोड रेंगाळतं.

[दृश्य: संध्याकाळ. तेच दुकान, दार ओढून घेताना.]

परतीच्या फेरीआधी पुन्हा त्या गल्लीत गेलो. सकाळचं पिंप भरून झालं होतं. बाईंनी झाकणावर शेवटचा दगड ठेवला, हात पुसले आणि पिंपावर खडूने आजची तारीख लिहिली.